काळी वायर काढल्यावर

१

उभी गाडी खराब होत नाही असं लोकांना वाटतं. चालवली तर झिजेल, उभी ठेवली तर जपली जाईल. खरं तर उलट असतं. चालती गाडी स्वतःचं स्वतः बघते. उभ्या गाडीकडे कुणाला तरी बघावं लागतं. ते बघायचं काम मी करते.

आमची जागा म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही, वर पत्रा. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की कानाच्या पाळ्या गार पडतात. माझ्या ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी, हा कारखाना घेतला आणि लांब जाणाऱ्या लोकांच्या गाड्या सांभाळायचं काम सुरू केलं. कुणी बोटीवर नोकरीला जातं, कुणी परदेशी मुलाकडे, कुणी लांबलचक आजारपणात पडतं. गाडी आमच्याकडे राहते. लोकांशी बोलायचं काम भाऊजींचं, गाड्यांचं माझं. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी बाबांच्या हाताखाली शिकले, लग्न केलं नाही, आणि माणसांशी माझं फारसं जमत नाही, त्यामुळे ही वाटणी दोघांनाही सोयीची होती.

भाऊजींना बोलायला माणूस लागतोच असं नाही. खांब असला तरी चालतो. संध्याकाळी कुलूप लावताना ते कुलपाला सांगतात, "बस आता गप्प, सकाळी येतो." पाऊस आला की पत्र्याशी भांडतात. ताई म्हणते, "यांच्याशी लग्न झालं आणि मी घरातला रेडिओ माळ्यावर टाकला."

नवीन गाडी आली की माझं काम ठरलेलं. आधी बॅटरी पूर्ण भरायची. मग दहा नंबरच्या पान्याने काळी वायर काढायची. आधी काळीच, लाल नाही. तिचं टोक कापडात गुंडाळून बाजूला बांधून टाकायचं, म्हणजे चुकून परत टेकायला नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडं करायचं, ग्रीसचं बोट फिरवायचं. बस. हे केलं नाही तर काय होतं, ते लोकांना परत आल्यावर कळतं. किल्ली फिरवतात आणि गाडी नुसती टक करते. कारण बंद गाडीसुद्धा थोडं थोडं खात असते. तिचं घड्याळ, तिचा चोर-अलार्म, तिच्या पोटातले लहानसहान कॉम्प्युटर. काळी वायर काढली की ते सगळं थांबतं.

"मेव्हणीबाई," भाऊजी लांबून ओरडायचे, "झोपवलंस का पोरीला? अंगाई म्हटलीस ना?"

मी उत्तर द्यायचे नाही. त्यांनाही ते नकोच असायचं.

२

ती गाडी एका चष्मेवाल्यांची होती. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. साठीचे असतील, सडसडीत, शर्टाच्या खिशात चष्मा पुसायचं पिवळं फडकं. एकटेच राहायचे. बायको नव्हती, कधीच नव्हती, असं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. छातीचं ऑपरेशन करायचं होतं, नंतर बहिणीकडे आराम. गाडी करड्या रंगाची, चार दारांची, आतून इतकी स्वच्छ की बसायला संकोच वाटावा.

"बॅटरीची काळी वायर काढून ठेवते," मी म्हटलं. "चालेल ना?"

"काढा की. बरंच होईल."

"महिन्या-दीड महिन्याने जोडून एक फेरी मारावी लागते. नुसती जागेवर सुरू ठेवून बॅटरी भरत नाही, उलट उतरते. जरा लांबवर फिरवून आणावी लागते. भाऊजी नेतील."

त्यांनी विचारलं, "फेरी मारायलाच हवी का?"

"टायरही एका जागी दबून चपटे होतात."

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

किल्ली दिली, भाऊजींनी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवून ठेवलीच होती. निघताना ते परत गाडीपाशी गेले. मला वाटलं काही विसरलं असेल. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, जरा वेळ तसंच उघडं धरून उभे राहिले, मग हळूच लोटून बंद केलं. आत काहीही नव्हतं. मी समोरच उभी होते, मला सीट दिसत होती.

आजारी माणसाचं असतं काहीतरी. घर सोडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

३

बॅटरी भरून झाली आणि वायर काढायच्या आधी मी मीटर लावलं. सवयच आहे माझी. गाडी बंद करून दारं लावली की थोड्या वेळात ती झोपते आणि मीटरचा आकडा अगदी खाली येतो. ही येईना. तासभर थांबले, दुसऱ्या गाडीचं काम उरकून आले. आकडा तिथेच. गाडी जागीच होती.

अशा वेळी घाबरण्यासारखं काही नसतं. डिकीतला दिवा जळत राहिलेला असतो, कप्प्याचं झाकण नीट बसलेलं नसतं. मी एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात केली. किल्ली अर्धी फिरवली तेव्हा समोर स्टिअरिंगच्या मागच्या फलकावर दिवे लागले. त्यात सीटची लहान लहान चित्रं असतात. कुणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, तर त्या सीटचं चित्र लाल होतं.

मागच्या डाव्या सीटचं चित्र लाल होतं.

मी मागे जाऊन सीट बघितली. रिकामी. तळहाताने दाबली, वर-खाली केली. सीटच्या गादीखाली एक पातळ चटईसारखी पट्टी असते, वजन पडलं की तिला कळतं. ती बिघडते. पाणी सांडलं, सामान जास्त ठेवलं, की बिघडते. मी गादी उचलली, पट्टीची वायर शोधली आणि तिचा जोड सोडवला. दिवा गेला. थोड्या वेळात आकडाही खाली आला.

म्हणजे गाडीला वाटत होतं की आत कुणीतरी बसलंय, म्हणून ती झोपत नव्हती. इतकं साधं होतं. मी काळी वायर काढली, टोक बांधलं, बॉनेट लावलं.

हात धुताना एवढंच डोक्यात आलं की गादी उचलताना ती एका बाजूने जड लागली होती. पण मी वाकून, एका हाताने उचलत होते.

४

वायर काढलेली चांगली बॅटरी महिनोन्‌महिने टिकते. तिला खाणारं कुणी उरतच नाही. म्हणून पुढच्या पाहणीत मी त्या गाडीचं बॉनेट उघडलं तेही केवळ सवयीने. मीटर लावलं. बॅटरी अर्ध्यावर आली होती.

वायर बांधलेल्या जागी बांधलेलीच. कापडही मीच गुंडाळलेलं.

बॅटरीतच दोष असणार. आतला एखादा खण गेला की ती स्वतःच स्वतःला खाते. मी ती काढून ऑफिसात आणली, लाकडी फळीवर ठेवली, भरली आणि आठवडाभर तशीच ठेवून रोज बघत राहिले. केसभरही हलली नाही. इतकी ठणठणीत बॅटरी क्वचित बघायला मिळते. परत गाडीत नेऊन ठेवली, वायर न जोडता, नुसती तिच्या जागेवर. चार दिवसांत पुन्हा अर्धी.

"भाऊजी," मी म्हटलं, "ही गाडी काहीतरी विचित्र करतेय."

"विचित्र म्हणजे?"

"वायर जोडलेली नाही तरी बॅटरी खातेय."

"मग तुझ्यासारखीच आहे. तूही डबा आणत नाहीस आणि माझा खातेस." ते हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थंडीने असेल. इथला गारठा माणसाला खातो, बॅटरीचं काय घेऊन बसलीस."

थंडीने बॅटरी उतरते हे खरंच आहे. पण शेजारच्या गाड्या त्याच थंडीत उभ्या होत्या.

त्याच दिवशी दुपारी मी पलीकडच्या रांगेत टायरची हवा बघत होते. आत कुणीच नव्हतं, भाऊजी बाहेर फाटकाशी कुणाशी तरी बोलत होते. मला आवाज आला. बसलेलं माणूस कूस बदलतं किंवा एका मांडीवरून दुसरीवर भार टाकतं, तेव्हा गाडी खालून किंचित करकरते, तसा. मी उठून उभी राहिले. पत्रा तापला की लोखंड कुरकुरतंच. पण तो आवाज वरून नव्हता आला.

करड्या गाडीच्या काचा बंद होत्या. जवळ जाऊन बघितलं. मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती. सगळ्या काचांवर असती तर मी म्हटलं असतं, आत दमट हवा कोंडली. एकाच काचेवर होती, बशीएवढी, आणि मी बघत असताना ती कडेने आक्रसत गेली. पूर्ण नाहीशी व्हायच्या आत मधोमध पुन्हा दाट झाली.

मी तिथून बाजूला झाले. पळाले नाही. टायरची हवा अर्धी राहिली होती ती पूर्ण केली, मग बाहेर जाऊन फाटकाशी उन्हात उभी राहिले. भाऊजी म्हणाले, "का गं, बरं नाही का?" मी म्हटलं, "ऊन खातेय."

५

मी चष्मेवाल्यांना फोन केला. सीटखालची पट्टी बिघडलीय, ती बदलायची का, हे विचारायला. तसं मी स्वतःला सांगितलं. त्यांच्या बहिणीने उचलला. ऑपरेशन झालं होतं, झोपले होते, उठल्यावर सांगते म्हणाली. दोन दिवस काही फोन आला नाही.

मधल्या काळात पत्र्याचं काम निघालं. करड्या गाडीच्या वरच पत्रा सडला होता, पत्रेवाला शिडी घेऊन यायचा होता आणि गाडी तिथून हलवणं भागच होतं.

"नाहीतरी हलवायचीच आहे तर फेरीही होऊन जाईल," भाऊजी म्हणाले. "जोड बॅटरी."

मी त्यांना सगळं सांगितलं. सीटचा दिवा, उतरणारी बॅटरी, काचेवरची वाफ. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाबतीत नवलच. मग म्हणाले, "तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत या अंधारात एकटी असतेस. तुझी ताई मला रोज बोलते यावरून. उद्यापासून निदान दुपारचं जेवायला घरी येत जा."

"तसं नाहीये ते."

"मी कुठे म्हणतो तसं आहे? वाफ असेल. दिवा असेल. पण गाडी हलवायची आहे ना?"

मी भरलेली बॅटरी बसवली. लाल वायर, मग काळी. भाऊजी आत बसले, किल्ली अर्धी फिरवली. मी खिडकीतून वाकून दिव्यांच्या फलकावर बघितलं. मागच्या सीटचा दिवा लागला नाही, लागणारच नव्हता, जोड मी सोडवलेला होता.

पुढच्या डाव्या सीटचं चित्र लाल होतं. भाऊजींच्या शेजारचं.

भाऊजींनीही ते बघितलं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मान लववली आणि अगदी पाहुण्यांशी बोलतात त्या सुरात म्हणाले, "बसलात ना नीट? चला मग."

"भाऊजी, उतरा जरा. मी जोड बघते."

"आल्यावर बघ. तो पत्रेवाला डोक्यावर शिडी घेऊन उभा आहे." आणि गाडी निघाली. पट्टा लावा, पट्टा लावा, असं ती वाजत होती. फाटकाबाहेर वळेपर्यंत ऐकू येत होतं. मग अचानक थांबलं. काही वेळाने ते आपोआप बंद होतं, हे मला माहीत आहे. पण इतक्या लवकर होत नाही.

६

चष्मेवाल्यांचा फोन तेव्हा आला. आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये श्वास घेत बोलत होते.

"तुमचा फोन येऊन गेला म्हणे."

"हो. सीटखालची पट्टी बिघडलीय. कुणी बसलेलं नसताना दिवा लागतोय."

त्यांनी विचारलं, "पुढच्या सीटचा की मागच्या?"

हा प्रश्न सरळ होता. कुणीही विचारेल असा. पण त्यांनी तो ज्या तऱ्हेने विचारला, ते ऐकून मी फाटकाकडे बघितलं.

"आधी मागच्या. आज पुढच्या."

"गाडी कुठे आहे आत्ता?"

"फेरीला गेलीय. भाऊजींनी नेलीय."

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. एकटेच आहेत."

पलीकडे त्यांच्या बहिणीचा आवाज आला, "दादा, पडून बोल." ते म्हणाले, "थांब गं." मग मला म्हणाले, "तुमचे भाऊजी. त्यांना गाडी चालवताना बोलायची सवय आहे का? आपलं आपल्याशी?"

मी म्हटलं, "ते सगळ्यांशीच बोलतात."

"ठीक आहे," ते म्हणाले. तो 'ठीक आहे' काही ठीक असल्याचा नव्हता. "त्यांना फोन लावा. गाडी बाजूला घेऊन उतरून जा म्हणावं. काही कानावर आलं तर उत्तर देऊ नका म्हणावं. एवढंच सांगा. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही."

मी भाऊजींना फोन लावला. तो ऑफिसातच, टेबलावर वाजला. नेहमीसारखा विसरून गेले होते.

मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पत्रेवाला वरून ठोकत होता. एरवी भाऊजींची फेरी म्हणजे नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन परत. एव्हाना यायला हवे होते. माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते आलं. कठडा, पाणी, घोळका. पत्रेवाल्याने काम संपवलं, शिडी उतरवली, "येतो ताई" म्हणून गेलासुद्धा, आणि मग रस्त्याच्या टोकाला करडी गाडी दिसली.

हळू येत होती. ऊन समोरच्या काचेवर होतं, त्यामुळे आधी नुसतीच चकाकी दिसली. झाडाची सावली काचेवरून सरकत गेली तेवढ्यापुरते भाऊजी दिसले. ते बोलत नव्हते.

ऐकत होते. मान डावीकडे कललेली, भुवया जरा वर, तोंड मिटलेलं. बायको घरातलं काही महत्त्वाचं सांगत असावी आणि रस्त्यावरची नजर न काढता नवरा ऐकत असावा, तसे. चाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात आणि वीस वर्षांच्या ओळखीत मी भाऊजींना कुणाचं इतकं लक्ष देऊन ऐकताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली आणि त्यांचे ओठ हलले. एकच शब्द होता. 'बरं' असेल किंवा 'हो'.

शेजारच्या सीटवर काय होतं ते मला दिसलं नाही. सावली पुढे सरकली आणि काच पुन्हा पांढरी झाली. पण त्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ना, ते मला दिसायला हवं होतं आणि दिसलं नव्हतं. त्याच्या पुढ्यात काहीतरी आल्याशिवाय ते झाकलं जात नाही.

गाडी फाटकाशी थांबली. भाऊजी उतरले. एकटेच होते.

"कुठे होता इतका वेळ?"

"कुठे म्हणजे? पुलापर्यंत." ते माझ्याकडे बघत होते पण लक्ष नव्हतं. "आत्ताच तर गेलो."

"गाडीत कुणाशी बोलत होता?"

त्यांनी थोडा विचार केला. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आत निघून गेले.

मी किल्ली फिरवून बघितलं. एकही सीट लाल नव्हती. गाडी बंद केली, मीटर लावलं. बघता बघता आकडा खाली गेला. तशी शांत झोपलेली गाडी मी आजवर पाहिली नव्हती.

७

त्या दिवसापासून बॅटरी उतरली नाही. मी काळी वायर काढली आणि बॅटरीचा आकडा जिथल्या तिथे राहिला. काचा कोरड्या, पत्र्याखाली चिडीचूप. नुसत्या गाडीपुरतं बघायचं तर माझं काम फत्ते झालं होतं.

चष्मेवाले बरं वाटायच्या आतच आले, बहिणीच्या आधाराने. बहिणीला ऑफिसात बसवून ते माझ्याबरोबर आत आले. गाडीजवळ जाऊन त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मग पुढच्या सीटवर. बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसत होता, आणि त्यांना त्याचीच लाज वाटत असावी, कारण त्यांनी तो माझ्यापासून वळवला.

"काय होतं गाडीत?" मी विचारलं.

"देवाशपथ, मला माहीत नाही."

"मग उत्तर देऊ नका असं का सांगितलंत?"

"कारण मी दिलं होतं." त्यांनी खिशातलं पिवळं फडकं काढलं आणि चष्मा पुसायला लागले. "एकटा माणूस असतो. कुणी काही विचारलं तर बरं वाटतं हो. तुमच्या भाऊजींना कुटुंब आहे ना? मग त्यांना तितकं जड जाणार नाही. मला तरी असं वाटतं."

"तुम्ही त्यांना भेटता का? बाहेर आहेत."

"नको," ते घाईने म्हणाले. "मी न भेटलेलंच बरं."

मी वायर जोडून दिली, त्यांनी बरोबर आणलेला ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला आणि बहिणीला घेऊन ते त्याच गाडीतून गेले. बहीण मागे, डाव्या बाजूला बसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

८

भाऊजींमध्ये काय बदललं, हे कुणाला सांगायला गेलं तर हसं होईल. ते कमी बोलायला लागले. कुलपाशी बोलेनासे झाले, पत्र्याशी भांडेनासे झाले. गिऱ्हाइकांना वाटलं वय झालं. संध्याकाळी निघताना स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडून जरा वेळ उभे राहायचे आणि मग लोटून पुढे जाऊन बसायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हवा खेळू देतो."

मग त्यांची बॅटरी उतरायला लागली. त्यांची गाडी जुनी, तिला ना सीटचे दिवे ना असले लाड. रोज चालणारी गाडी, तिची बॅटरी उतरायचं कारणच नाही. मी भरून दिली, उतरली. जुनी झाली म्हणून नवी बसवली. तीही उतरली. मी मीटर घेऊन त्यांच्या गाडीशी दुपारभर बसले, एकेक वायर तपासली. कुठेही गळती नव्हती.

"राहू दे गं," भाऊजी म्हणाले. "थोडं खाल्लं तर खाऊ दे."

ताईशी मी बोलायला गेले होते. स्वयंपाकघरात ती कणीक मळत होती. मी म्हटलं, "भाऊजींची तब्येत दाखवून घेऊ या का?" ती म्हणाली, "तब्येतीला काय झालंय? झोपतात, जेवतात. उलट आता घरात शांतता असते." आणि कणकेचा गोळा उगाचच पुन्हा पुन्हा मळत राहिली. मी आणखी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

जागा पुरेनाशी झाली होती म्हणून नदीपलीकडे दुसरी शेड बघायला जायचं ठरलं, तिघांनीही. मी एरवी माझ्या स्कूटरवर जाते. त्या दिवशी ताई म्हणाली, "आमच्याबरोबरच चल." मागाहून मला वाटलं की ती ते जरा जास्तच आग्रहाने म्हणाली होती.

सकाळची वेळ होती. रस्त्यावर शाळेला निघालेली मुलं, दूधवाले, लख्ख ऊन. ताई पुढे बसली, भाऊजींच्या शेजारी. मी मागचं डावं दार उघडून आत बसले, पर्स दाराच्या बाजूला ठेवली, दार ओढलं.

भाऊजींनी किल्लीला हात लावला नाही. वरच्या आरशात बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या दाराकडे.

"जरा सरक," ते म्हणाले. आवाजात काहीही वेगळं नव्हतं. गर्दीच्या बाकावर आपण म्हणतो तसंच.

मला कळायच्या आत मी सरकलेसुद्धा. सवय असते अंगाला, कुणी सरक म्हटलं की माणूस सरकतं. माझ्या बाजूचं दार किंचित उघडलं आणि पुन्हा लागलं. मी ते नीट ओढलं नव्हतं, हे शक्य आहे. जुन्या गाडीचं दार आहे.

मग माझ्या डाव्या हाताला सीट दबली. हळू, एका बाजूने, गुडघे दुखणारं म्हातारं माणूस हात टेकून बसतं तशी. माझी पर्स त्या उतारावरून घसरत गेली आणि कशाला तरी अडून थांबली.

मी ताईकडे बघितलं. तिच्या मानेवरचे केस, तिच्या कानातली कुडी. तिला ते दार लागल्याचा आवाज आलाच असणार. ती मागे वळली नाही. तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवले आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बहीण कित्येक दिवसांपासून या गाडीत मागे वळून बघत नाहीये.

"निघायचं?" भाऊजींनी विचारलं.

ताई काही बोलली नाही. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मान हलवली, आणि गाडी सुरू केली.